महापालिकेच्या अर्थसंकल्पात आपली वस्ती कुठे असते?

मार्च उजाडला की जयंती मंडळांचे कार्यकर्ते क्षेत्रीय कार्यालयाच्या चकरा मारू लागतात. मंडपाची परवानगी, मिरवणुकीचा मार्ग, पुतळ्याजवळची स्वच्छता, पाण्याचे टँकर, दिवाबत्ती अशा मागण्यांची निवेदने रीतसर दिली जातात. त्यांचा पाठपुरावा होतो आणि बहुतेक कामेही होतात. नेमक्या याच दिवसांत महापालिकेच्या मुख्य इमारतीत पुढच्या वर्षभराच्या पैशाची वाटणी चालू असते. गटार, शौचालय, अभ्यासिका, दवाखाना यांपैकी कशाला किती रक्कम द्यायची हे तिथे ठरते. त्या टेबलावर आपल्या वस्तीचे निवेदन सहसा नसते.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी यांपैकी बहुतेक ठिकाणी प्रशासक होते. मुंबई महापालिकेची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली होती. म्हणजे बराच काळ अर्थसंकल्प अधिकाऱ्यांनी मांडला आणि अधिकाऱ्यांनीच मंजूर केला. आता सभागृहात पुन्हा नगरसेवक बसले आहेत. निर्णय कुठे होतात, अनुदान कोणत्या वाटेने येते आणि वस्तीने कोणत्या टप्प्यावर काय करावे, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ठराव आणि अंमल: महाडचा धडा

नगरपालिकेचा ठराव आणि प्रत्यक्ष काम यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तरीही तळ्यावर कोणाला पाणी भरता आले नाही. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड अंमलबजावणी करणार नाही, तिचे सरकारी अनुदान रोखावे अशी त्यात शिफारस होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला.

हा इतिहास आपण हक्काचा लढा म्हणून सांगतो. त्यातली प्रशासकीय बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. ठराव झाला तरी अंमल होतोच असे नाही, आणि अंमल करून घ्यायचा तर अनुदानाची दोरी कुठे बांधली आहे ते कळायला हवे. बोले यांचा १९२६ चा ठराव नेमका तिथे बोट ठेवत होता.

निर्णय कोणत्या पायऱ्यांनी होतो?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांची १८ कामे दिली आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, नागरी दारिद्र्य निर्मूलन, उद्याने, स्मशानभूमी ही त्यांतली काही. त्यामुळे वस्तीतले गटार किंवा शौचालय मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. ते महापालिकेचे ठरलेले काम आहे.

अर्थसंकल्पाचा प्रवास साधारण असा होतो. दिवाळीच्या आगेमागे खाती आणि क्षेत्रीय कार्यालये आपापल्या कामांच्या याद्या करतात. प्रभाग समिती आपल्या भागातील खर्चाच्या अंदाजावर शिफारशी करते. त्यानंतर आयुक्त प्रारूप अर्थसंकल्प स्थायी समितीला सादर करतात. स्थायी समिती त्यात भर किंवा काटछाट करते आणि शेवटी सर्वसाधारण सभा मंजुरी देते. १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होते. निवडणुकीच्या वर्षी या तारखा पुढेमागे होतात, पायऱ्यांचा क्रम मात्र तोच राहतो.

यांतली प्रभाग समिती वस्तीला सर्वांत जवळची. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात ती असलीच पाहिजे, असे घटनेचे कलम २४३ एस सांगते. राज्याच्या कायद्याप्रमाणे नगरसेवकांखेरीज, त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य या समितीवर नेमता येतात. अनेक शहरांत या जागा रिकाम्या राहतात किंवा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भरल्या जातात. आपल्याकडे नोंदणीकृत महिला मंडळे आहेत, वाचनालये आहेत, शैक्षणिक संस्था आहेत. त्यांनी या जागांसाठी लेखी अर्ज करायला हवा.

मुंबईत एका प्रभागाचा एक नगरसेवक असतो. इतर बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग आहे. तिथे 'ते काम त्यांच्याकडे आहे' असे उत्तर ऐकायला मिळते. म्हणून निवेदन एकाच वेळी चारही सदस्यांना द्यावे आणि प्रत्येकाची पोच घ्यावी.

पैसा येतो कुठून?

महापालिकेच्या तिजोरीत तीन प्रकारचा पैसा असतो.

पहिला स्वतःचा: मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क वगैरे. तो कशावर खर्च करायचा हे मुख्यतः सभागृहाच्या हाती असते. त्यातही शासनाने काही वाटे राखून ठेवायला सांगितले आहेत. दिव्यांगांसाठी ५ टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के हे त्यांतले नेहमीचे. दुर्बल व मागास घटकांसाठीची तरतूदही वेगळी दाखवलेली असते.

दुसरा भरपाईचा. जकात आणि एलबीटी गेल्यावर २०१७ पासून राज्य सरकार महापालिकांना जीएसटी भरपाई देते. २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ दिली जाते. अनेक महापालिकांचे पगार याच रकमेवर अवलंबून आहेत. त्यामुळे 'उत्पन्न आहे, पण कामाला पैसा नाही' हे उत्तर दर वेळी खोटे असतेच असे नाही. ते आकड्यांवरून तपासता येते.

तिसरा अनुदानाचा. केंद्र आणि राज्याच्या योजनांमधून येणारा हा पैसा बहुधा बांधील असतो, म्हणजे ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च करायचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला होता. अशा पैशातून अभ्यासिका मागितली तर नकारच येणार. तिथे शौचालय, मलवाहिनी, नळजोडणी यांची मागणी टिकते.

आपल्या वस्त्यांसाठी महत्त्वाची आहे ती नागरी दलित वस्ती सुधारणा योजना. तिचा निधी जिल्हा वार्षिक योजनेतील अनुसूचित जाती घटकातून येतो. पालकमंत्री ज्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, तिथे तो मंजूर होतो. म्हणजे प्रस्ताव महापालिका करते, पण पैसा जिल्हाधिकारी कार्यालयातून सुटतो. महापालिकेने प्रस्तावच पाठवला नाही तर निधी आपल्या वस्तीपर्यंत येणार नाही. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा: आमच्या वस्तीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला?

अर्थसंकल्पाचे पुस्तक कसे वाचावे?

ते पुस्तक जाडजूड असते, पण सगळे वाचायची गरज नाही. आपल्या कामाचे लेखाशीर्ष शोधावे. त्याच्यासमोर सहसा चार आकडे असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. मूळ तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज लहान दिसला, तर वर्षभरात काम झालेले नाही किंवा पैसा दुसरीकडे गेला आहे असे समजावे.

काही कामांसमोर नाममात्र रक्कम असते. तिला टोकन तरतूद म्हणतात. लेखाशीर्ष जिवंत ठेवण्यापुरता तिचा उपयोग; त्या रकमेत निविदा निघत नाही. आम्ही काम करतो त्या एका वस्तीत अभ्यासिकेच्या छपरासाठी सलग दोन वर्षे अशी टोकन तरतूद होती. दोन्ही वर्षी 'मंजूर' असा फलक लागला, पेढे वाटले गेले, आणि मुले पावसाळ्यात गळक्या छपराखाली बसली.

दुसरा शब्द लक्षात ठेवायचा तो 'वर्गीकरण'. एका कामाची तरतूद वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणे म्हणजे वर्गीकरण. हा विषय स्थायी समितीपुढे येतो आणि पुष्कळदा चर्चेविना मंजूर होतो. रस्त्याच्या खडी-डांबरासाठी पैसा कमी पडला की न सुरू झालेल्या कामांकडे पहिली नजर जाते. ज्या कामाचे पूर्वगणनपत्रक तयार नाही, ज्याची जागा निश्चित नाही, ते काम वर्गीकरणात सर्वांत आधी जाते. म्हणून तरतूद मंजूर झाल्यावर घरी न बसता एप्रिलमध्येच कनिष्ठ अभियंत्याला जागेवर आणून मोजमाप करून घ्यावे. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश हे टप्पे असतात. प्रत्येकाची तारीख वहीत लिहून ठेवावी.

मागणी कशी लिहावी?

'वस्तीचा सर्वांगीण विकास करावा' या वाक्याला कोणतेही लेखाशीर्ष नसते. मागणीत ठिकाण, मोजमाप, लाभार्थी आणि खाते हवे. उदाहरणार्थ, स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांप्रमाणे सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक आसन हवे. वस्तीतल्या वैयक्तिक शौचालय नसलेल्या घरांची माणसे मोजली की किती आसने कमी आहेत ते आपणच काढू शकतो. 'महिलांची गैरसोय होते' याऐवजी 'महिलांसाठी अमुक आसने कमी आहेत' असे लिहिले तर अभियंत्याला आकडा खोडावा लागतो, आणि ते सोपे नसते.

पाण्याचेही तसेच. मुंबईत इमारतींसाठी माणशी रोज १३५ लिटर धरले जातात, झोपडपट्टीसाठी ४५ लिटर. वस्ती अनधिकृत आहे या कारणाने पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट केले. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हा त्या निकालाचा गाभा. नळजोडणी नाकारली गेली तर नकार लेखी मागावा आणि अर्जात या निकालाचा उल्लेख करावा.

जागेचा प्रश्नही आधी तपासावा. वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे का, जमीन महापालिकेची, शासनाची, रेल्वेची की खासगी, हे माहीत नसेल तर मंजूर कामही 'ना हरकत' पत्रासाठी अडते. समाजमंदिर किंवा अभ्यासिका सार्वजनिक पैशातून बांधली की ती महापालिकेची मालमत्ता असते. ती चालवायला कोणाकडे, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर देणार, हे बांधकामाआधीच लेखी ठरवावे. पुढचे निम्मे वाद तिथेच टळतात.

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पदपथ, दिवे, शौचालय दुरुस्ती अशी लहान कामे सुचवता येतात. हे अर्ज भरणाऱ्यांत सोसायट्यांचे रहिवासी जास्त असतात. वस्त्यांतून अर्ज कमी जातात, कारण मुदत कधी सुरू झाली हेच कळत नाही. इतर शहरांतील कार्यकर्त्यांनी आपल्या महापालिकेत अशी सोय आहे का हे विचारावे आणि नसेल तर मागावी.

वर्षभराचे वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबर: वस्तीची बैठक, तीन कामांची निवड, मोजणी. स्त्रिया आणि तरुण मुली बैठकीत असतील अशी वेळ ठेवावी.

ऑक्टोबर-डिसेंबर: क्षेत्रीय कार्यालय, प्रभाग समिती आणि सर्व नगरसेवकांना निवेदन. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक.

जानेवारी-मार्च: प्रारूप अर्थसंकल्पात काम आले का ते पाहणे. नसेल तर स्थायी समितीच्या सदस्यांना भेटणे. सर्वसाधारण सभेच्या दिवशी प्रेक्षक कक्षात बसणे.

एप्रिल-जून: मोजमाप, मान्यता, निविदेचा पाठपुरावा.

वर्षभर: वर्गीकरणाच्या विषयांवर लक्ष. महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात तक्रार. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. निकृष्ट काँक्रीटची तक्रार करताना त्याचा उपयोग होतो.

हे सगळे एका माणसाने करायचे म्हटले तर तो वर्षभरात थकतो. म्हणून प्रत्येक वस्तीत पाच जणांचा अर्थसंकल्प गट असावा, असे आमचे मत आहे. त्यात किमान दोन स्त्रिया, एक वाणिज्य शाखेत शिकणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आणि शक्यतो एक निवृत्त कर्मचारी असावा. महापालिकेत आयुष्य काढलेले अनेक सफाई कामगार आणि कारकून आपल्या वस्त्यांत राहतात. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. या वर्षीच्या जयंतीच्या पहिल्या नियोजन बैठकीतच त्यांची नावे लिहून घ्यावीत.