नेवाशाची ज्ञानेश्वरी आणि ओपन सोर्सची पुस्तिका

ओपन सोर्स सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणाऱ्याची एक कायमची तक्रार असते. कोड सगळ्यांना खुला, पण माहितीपुस्तिका मात्र ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली. आता हा प्रश्न घेऊन चला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशाला. साल १२९०, म्हणजे शके १२१२.

गीता संस्कृतात होती, बहुतेकांना बंदच. ज्ञानेश्वरांनी ती मराठीत सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. रचना बघा हं. अठरा अध्यायांचा क्रम मूळचाच ठेवला, म्हणजे ज्याला मूळ ग्रंथाकडे जायचंय तो चुकत नाही. पण जागा सारखी वाटली नाही. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक, ओव्या पावणेतीनशे. तेराव्यात श्लोक ३४च, ओव्या मात्र साडेअकराशेच्या वर! कारण तिथे गीता अमानित्व, अदंभित्व, अहिंसा अशी नुसती नावं सांगत जाते. सेटिंग्जच्या यादीसारखी. नवखा अडकतो तो इथेच, म्हणून एकेका शब्दाला दाखल्यांवर दाखले.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षं हातानं नकला होत राहिल्या. कुणी शब्द बदलला, कुणी स्वतःची ओवी घुसवली. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला, शेवटी शक नोंदवला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असंही बजावलं. मला हा नियम बरोबर वाटतो. भर घालायची तर वेगळी घाला ना, मुळात कशाला? पण कुठला शब्द का बदलला, याची नोंद आपल्यापर्यंत आली नाही. म्हणून १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची मानलेली एक पोथी छापली, आणि खरा पाठ कुठला यावर विद्वानांचा वाद रंगला. गिट वापरणाऱ्यांना हे दुखणं लगेच कळेल.

आज आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्स, लिबरऑफिस वगैरे शिकवतो, मराठीतही. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ. थांबवायचे, शेजारच्या खिडकीत करून बघायचे, पुढे जायचं. तिथे स्क्रिप्ट पक्की होण्याआधी ते सॉफ्टवेअर न येणारा एक माणूस ती वाचत वाचत सगळं स्वतः करून बघतो. तो जिथे अडकेल, ती ओळ दुरुस्तीला जाते.