शिक्षकाची शाळा : विज्ञान-गणित अध्यापकांच्या शिक्षणाची वाटचाल

बंगळूरहून होसूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की इलेक्ट्रॉनिक्स सिटी ओलांडल्यावर बोम्मसंद्रा लागते. एकेकाळचे हे आनेकल तालुक्यातील साधे गाव आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. नारायणा हेल्थ सिटी येथेच आहे, औषधनिर्मितीचे आणि यंत्रांचे कारखाने येथे आहेत, आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे शेवटचे स्थानकही बोम्मसंद्राच. मराठी शाळांतून शिकलेली अनेक मुलेमुली आज या परिसरात प्रयोगशाळांत, रुग्णालयांत आणि संगणकासमोर बसून काम करतात. त्यांच्या यशाच्या नोंदी शाळांच्या स्मरणिकांत अभिमानाने छापल्या जातात. परंतु ज्या शिक्षकाने त्यांच्या हाती पहिली परीक्षानळी दिली, किंवा फळ्यावर पहिला त्रिकोण काढून ‘हे सिद्ध कसे कराल?’ असे विचारले, तो शिक्षक स्वतः कोठे शिकला, याची नोंद क्वचितच सापडते.

पदवी आणि बी. एड. एवढ्या शिदोरीवर शिक्षक शाळेत येतो आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे शिकवतो. त्या काळात अभ्यासक्रम चार-पाच वेळा बदलतो आणि विषय तर रोज पुढे जातो. मधल्या काळात शिक्षकाला शिकण्याची संधी कोणी दिली, कशी दिली आणि त्यातले काय टिकले, हा शाळेच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाचा आरंभ एका गणितज्ञापाशी होतो. ‘दर्पण’कार म्हणून सर्वपरिचित असलेले बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत. कलनशास्त्रावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. १८४५ मध्ये देशी शाळांसाठी अध्यापक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग मुंबईत निघाला, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच आली. पुढल्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले. त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर मराठी पुस्तके लिहून तो वारसा पुढे नेला. विषय जाणणाऱ्या माणसाने शिक्षक घडवावेत आणि ते मातृभाषेतून घडवावेत, ही कल्पना अशी पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे राष्ट्रीय पातळीवर पाहिले गेले ते कोठारी आयोगामुळे. १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे पदार्थवैज्ञानिक होते, तर सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर परिसरात वाढलेले मराठी शिक्षणतज्ज्ञ. जून १९६६ मध्ये सादर झालेल्या अहवालात पहिल्या दहा वर्षांच्या सामान्य शिक्षणात विज्ञान आणि गणित सर्वांना अनिवार्य असावे, असे सुचवले होते. त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती : प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत किमान दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे. पहिली शिफारस अमलात आली. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली आणि विज्ञान-गणित घरोघरी पोहोचले. दुसरी शिफारस मात्र बव्हंशी कागदावर राहिली. परिणाम असा झाला की, ज्यांनी स्वतः विद्यार्थिदशेत संचाची संकल्पना ऐकलीही नव्हती अशा शिक्षकांना संच शिकवावे लागले. १९६३ पासून देशात उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू झाले होते, त्यांचा अनेकांना लाभ झाला. तथापि वर्ग संपून जून उजाडला की शिक्षक पुन्हा एकटाच वर्गात उभा राही.

हा एकटेपणा दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरकारी कचेरीतून नव्हे, तर एका संशोधन संस्थेतून झाला. त्या संस्थेचा जन्म बंगळूरचा. दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडला परत जाता न आल्याने डॉ. होमी भाभा भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले, आणि तेथेच जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ती मुंबईस आली. दोन दशकांनंतर याच संस्थेतील काही वैज्ञानिक सुटीच्या वेळात मुंबई महापालिकेच्या शाळांकडे वळले. प्रा. भालचंद्र उदगावकर आणि प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांची नावे त्यांत अग्रभागी होती. मूलकणांचे गणित मांडणाऱ्या माणसांनी चाळीतल्या मुलांच्या शिक्षकांसोबत बसून तरफ, भिंग आणि विद्युतघट यांचे साधे प्रयोग करावेत, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

त्या कामातून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. प्रा. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक झाले. केंद्राचा संसार अनेक वर्षे नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होता. मानखुर्दची वास्तू पुढे १९९२ च्या सुमारास मिळाली. शाळेच्याच छपराखाली राहून शाळेचा अभ्यास करणे, याला मोल होते. प्रयोगाचे साहित्य का वापरले जात नाही, साठ मुलांच्या वर्गात गटकार्य का फसते, हे तेथे अहवालातून कळत नसे, डोळ्यांना दिसे.

केंद्राने लवकरच शहराबाहेर पाऊल टाकले. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी खिरोदा हे गाव आहे. शिक्षणमंत्रिपद भूषविलेले मधुकरराव चौधरी यांचे हे गाव. तेथील शिक्षणसंस्थेच्या साहाय्याने सत्तरच्या दशकात केंद्राने ग्रामीण विज्ञान शिक्षणाचा प्रकल्प चालवला आणि परिसरातील शाळांच्या विज्ञान शिक्षकांना प्रशिक्षण दिले. प्रयोगशाळा नसली तरी प्रयोग होऊ शकतो, मात्र तो प्रयोग शिक्षकाने आधी स्वतःच्या हातांनी केलेला असला पाहिजे, हे त्या कामाचे सूत्र होते.

याच काळात मराठी शाळांच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट उजेडात आली. पाठ्यपुस्तक मातृभाषेत आहे म्हणजे ते मुलाला समजते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. केंद्राच्या अभ्यासकांना दिसले की संस्कृतप्रचुर संज्ञा आणि लांबलचक वाक्ये यांमुळे मराठी पुस्तकही अनेक मुलांना परकेच वाटते, विशेषतः ज्यांच्या घरात पुस्तके नाहीत त्यांना. भाषा सोपी केली की त्याच मुलांची समज वाढते. त्यामुळे विज्ञान शिक्षकाच्या प्रशिक्षणात प्रयोगाइतकेच भाषेलाही स्थान हवे, हे स्पष्ट झाले. ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ यांतील फरक सांगताना बाजारातला तराजू आणि स्प्रिंगचा काटा यांचे उदाहरण देणारा शिक्षक हे काम उपजत बुद्धीने करीत आला होता. आता त्याला शास्त्रीय आधार मिळाला.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात, याच विचाराचा मोठा प्रयोग चालू होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ सुरू झाले. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी ते हाती घेतले. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी होते. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व शाळांत पोहोचला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला. शिक्षकांसाठी उन्हाळ्यात प्रदीर्घ निवासी वर्ग होत, ते इतरत्रही होत असत. होशंगाबादचे वेगळेपण त्यानंतरच्या रचनेत होते. दर महिन्याला परिसरातील शिक्षक एकत्र जमत आणि ‘हा प्रयोग माझ्या वर्गात का फसला’ हे मोकळेपणाने मांडत. वैज्ञानिकालाही उत्तर येत नसेल तर सारे मिळून प्रयोग करून पाहत. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता रजा काढून १९७८ मध्ये तेथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी उभे केलेले भूमितीचे सांगाडे पुढे देशभर गेले. नंतरच्या काळात पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मुलांइतकाच शिक्षकांसाठीही ज्ञानाचा दरवाजा उघडा ठेवला.

सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासननिर्णयाने बंद झाला. तीस वर्षे जोपासलेली शिक्षकांची ती मासिक बैठक थांबली. चांगले काम केवळ चांगले आहे म्हणून टिकत नाही. त्याच्या पाठीशी समाज उभा असावा लागतो, हा धडा त्या घटनेने दिला.

महाराष्ट्रात शिक्षकांनी स्वतः उभारलेल्या संघटनांचाही या वाटचालीत मोठा वाटा आहे. मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. आजच्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मुलांनीही ती दिली असेल. या स्पर्धेसाठी प्रश्न काढता काढता, प्रात्यक्षिके तपासता तपासता आणि प्रकल्पांना मार्गदर्शन करता करता शेकडो शिक्षक स्वतः शिकले, ही बाजू कमी लोकांना ठाऊक आहे. गणितातही अध्यापक मंडळांनी प्रावीण्य व प्राज्ञ परीक्षांच्या निमित्ताने असेच काम केले. १९७६ मध्ये प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने गणितज्ञ आणि शाळा यांच्यातील अंतर कमी केले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने आणि पुढे ‘शैक्षणिक संदर्भ’सारख्या नियतकालिकाने शिक्षकाच्या वाचनाची भूक मराठीतून भागवली.

शासनाची यंत्रणाही दरम्यान वाढत गेली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘डाएट’, उभ्या राहिल्या. लाखो शिक्षकांपर्यंत पोहोचायचे म्हणून राज्य पातळीवर काहींना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, अशी पद्धत पडली. ओंजळीतले पाणी हातोहात देत नेले तर शेवटच्या हाती ओलावाच उरतो, तसे या पद्धतीचे अनेकदा झाले. जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रांतील मासिक शिक्षण परिषद ही होशंगाबादच्या बैठकीची सख्खी बहीण होऊ शकते. पण परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांतच दिवस मावळला तर प्रयोगाला वेळ उरत नाही. जेथे केंद्रप्रमुखांनी तो वेळ राखला, तेथे त्याच परिषदेतून उत्तम शिक्षक घडले, हेही तितकेच खरे.

एकविसाव्या शतकात ही कथा पुन्हा बंगळूरला येते. २०१० मध्ये स्थापन झालेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचे पहिले वास्तव्य बोम्मसंद्राच्या शेजारी, इलेक्ट्रॉनिक्स सिटीत होते. शालेय गणितासाठी ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ आणि विज्ञानासाठी ‘आय वंडर’ ही शिक्षकांकरिताची नियतकालिके तेथून निघाली. भारतीय विज्ञान संस्थेने चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथील आपल्या परिसरात विज्ञान व गणित शिक्षकांसाठी निवासी वर्ग आणि त्यांच्यासाठी खास प्रयोगशाळा उभारल्या. बंगळूरच्याच एकस्टेप प्रतिष्ठानाच्या तंत्रज्ञानावर उभारलेला ‘दीक्षा’ मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, देशासाठी खुला झाला. आज बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की जे उघडते, ते याच मंचावर.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. कोठारी आयोगाच्या त्या विसरलेल्या शिफारशीचे हे धाकटे भावंड. त्याचे स्वागतच व्हावे. मात्र आधीच्या साठ वर्षांचा अनुभव ध्यानी ठेवून. पडद्यावर ध्वनिचित्रफीत चालू ठेवून तास भरता येतात आणि प्रमाणपत्रही मिळते. शिक्षक शिकतो तो मात्र स्वतः प्रयोग केल्याने, त्यावर सहकाऱ्याशी बोलल्याने आणि पुन्हा वर्गात जाऊन पाहिल्याने. नाना चौक, खिरोदा आणि होशंगाबाद येथे तसेच घडले.

मराठी माध्यमाच्या शाळांना आज याची निकड सर्वाधिक आहे. पटसंख्या घटते तशी शिक्षकसंख्या घटते. मग एकाच शिक्षकाकडे विज्ञान, गणित आणि कार्यालयीन कामे येतात. प्रशिक्षणाला त्याला सोडायचे तर वर्ग कोण घेणार, हा प्रश्न उरतोच. पालक मराठी शाळेविषयी शंका घेतात, तेव्हा माध्यमापेक्षाही ‘विज्ञान-गणित नीट शिकवले जाईल ना?’ ही काळजी अनेकदा खरी असते. त्या काळजीला उत्तर नव्या इमारतीने किंवा पडद्याने पूर्णपणे देता येत नाही. ते शिकत्या शिक्षकानेच देता येते.

आणि येथे माजी विद्यार्थी व पालक यांचे स्थान आहे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला देणगी देण्याची उदंड इच्छा असते. ती बाके, पंखे आणि संगणक यांच्याबरोबर शिक्षकाच्या शिक्षणाकडेही वळू शकते : प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाच्या जागी महिनाभर बदली शिक्षकाचे मानधन, ग्रंथालयात विज्ञान-गणिताच्या चार नियतकालिकांची वर्गणी, मोडलेल्या साहित्याच्या जागी लगेच नवे साहित्य. बोम्मसंद्राच्या प्रयोगशाळेत काम करणारा एखादा माजी विद्यार्थी सुटीत गावी आला, तर मुलांसमोर तासभर भाषण करण्याबरोबरच त्याने एक दुपार शिक्षकखोलीतही काढावी. आपण रोज काय करतो ते आपल्या सरांना, बाईंना सांगावे आणि त्यांच्या अडचणी ऐकाव्यात. टाटा संस्थेच्या वैज्ञानिकांनी साठ वर्षांपूर्वी महापालिकेच्या शाळेत जाऊन याहून वेगळे काही केले नव्हते. त्यासाठी लागतात एक टेबल, दोन खुर्च्या आणि कपाटातून बाहेर काढलेले साहित्य. आणि ते प्रत्येक शाळेत आहे.