मासळीचे मूळ ठिकाण : स्थिर समस्थानिक परीक्षण

मासळी कोणत्या पाण्यात वाढली, हे तिच्या मांसातील, काट्यांतील किंवा कवचातील स्थिर समस्थानिकांच्या प्रमाणावरून ताडण्याची प्रयोगशालेय पद्धत. डीएनए तपासणीतून माशाची जात कळते. तीच कोळंबी समुद्रातून आली की तळ्यात पोसली गेली, हे त्यातून कळत नाही. तिथे ही पद्धत कामी येते.

खुलताबादपासून (जि. छत्रपती संभाजीनगर) अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. समुद्राची मासळी अशा गावांत पूर्वापार सुकी होऊनच पोचत आली : बोंबील, सुकट, सोडे. ताजी मासळी म्हणजे बहुधा कटला, रोहू, मृगळ. ती पैठणच्या नाथसागरातली किंवा लांबून बर्फात आलेली. गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते, कारण मासा चिरून समोर आला की त्याचे गाव डोळ्यांना दिसत नाही.

एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. त्यांतले जे किरणोत्सर्गाने क्षय पावत नाहीत, ते स्थिर. कार्बनच्या दर शंभर अणूंत साधारण एक अणू जड, म्हणजे कार्बन-१३ असतो. हे प्रमाण किंचित बदलते आणि तो बदल अन्नातून शरीरात उतरतो. डीनीरो आणि एपस्टाइन यांनी हे कार्बनबाबत १९७८ मध्ये आणि नायट्रोजनबाबत १९८१ मध्ये प्रयोगाने दाखवले. फरक इतका सूक्ष्म असतो की तो एका ठरलेल्या मानकाशी तुलना करून हजारांत किती, असा मांडतात.

भात, गहू, सोयाबीन यांचा कार्बन उणे २७ च्या आसपास, मका व ऊस यांचा उणे १३ च्या जवळ, तर उष्ण समुद्रातील वनस्पतिप्लवकांचा उणे २० च्या आगेमागे असतो. भाताच्या कोंड्यावर पोसलेला तळ्यातला रोहू म्हणूनच समुद्री माशाहून वेगळा दिसतो. खाद्यात मका असेल तर मात्र आकडा समुद्राकडे सरकतो आणि फसगत होऊ शकते. नायट्रोजन-१५ अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला हजारात सुमारे ३ ते ४ ने वाढतो. म्हणून तुलना एकाच जातीच्या, सारख्या लांबीच्या माशांचीच करावी लागते. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायू अत्यल्प आहे. तिथले जीवाणू नायट्रेट वापरताना हलका नायट्रोजन आधी उचलतात, जड मागे राहतो. बंगालच्या उपसागरात ही क्रिया बरीच क्षीण असल्याने दोन्ही किनाऱ्यांची मासळी वेगळी काढण्याची शक्यता इथे निर्माण होते.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा स्ट्राँशियमचा. जगभरच्या समुद्रात स्ट्राँशियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर जवळपास एकच, ०.७०९२ असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते बहुतेक ठिकाणी याहून कमी असते. वेरूळची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली, त्याच प्रकारच्या कातळावरून वाहत आलेले गोदावरीचे पाणी नाथसागरात साठते, आणि तिथल्या माशाच्या हाडांत ती खूण उतरते. माशाच्या डोक्यातले खडे, म्हणजे कर्णाश्म, झाडाच्या खोडाप्रमाणे थराथराने वाढतात. घोळ, ढोमा यांचे खडे चांगले मोठे असतात. लेसरने एकेक थर तपासला तर मासा खाडीत केव्हा होता आणि समुद्रात केव्हा गेला, हेही उलगडते. या पद्धतीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच.

मांसाचा नमुना गोठवून सुकवतात, चरबी द्रावकाने काढतात, कारण चरबीत कार्बन-१३ कमी असतो. उरलेल्या भुकटीतली सुमारे एक मिलिग्रॅम कथलाच्या इवल्याशा पुडीत बांधून तापलेल्या भट्टीत जाळतात. निघालेला वायू वस्तुमान वर्णपटमापकात जातो. तिथे चुंबकीय क्षेत्रात जड व हलके रेणू वेगवेगळ्या वाटांनी वळतात आणि मोजले जातात. नुसत्या वाळवलेल्या बोंबलाची तपासणीही होऊ शकते, कारण उन्हात पाणी उडते पण प्रथिनांतला कार्बन व नायट्रोजन राहतो. खारवलेल्या मासळीत मात्र मिठासोबत समुद्राचे स्ट्राँशियम व गंधक (याचेही समस्थानिक तपासतात) शिरते, म्हणून ते दोन पुरावे तिथे बाद धरावेत.

युरोपीय संघाने २०१० पासून आयात मासळीला पकड-प्रमाणपत्र सक्तीचे केले. तिथल्या ताज्या व गोठवलेल्या मासळीच्या लेबलावर पकडीचे क्षेत्रही असते : भारताचा पश्चिम किनारा क्षेत्र ५१ मध्ये, पूर्व किनारा ५७ मध्ये मोडतो. कागद खरा की खोटा, याची पडताळणी या परीक्षणाने करता येते. खोटा दावा फेटाळणे या पद्धतीला जितके सोपे, तितके नेमके बंदर सांगणे नाही. जाफराबादचा बोंबील आणि वसईचा बोंबील एकमेकांना लागून असलेल्या पाण्यात, जवळपास त्याच भक्ष्यावर वाढतात. त्यांच्या आकड्यांत सीमारेषा शोधणे व्यर्थ. स्थलांतर करणारे मासेही ठाव लागू देत नाहीत. म्हणून सूक्ष्म मूलद्रव्ये व मेदाम्ले यांची जोड देतात.

निकालाचे वजन शेवटी संदर्भ-नमुन्यांवर ठरते. प्रत्येक नमुन्यासोबत जात, लांबी, पकडीची जागा आणि महिना यांची नोंद हवी. पावसाळ्यात नद्यांचे पाणी येऊन मिळाले की खाड्यांतले आकडे बदलतात, त्यामुळे एकाच हंगामातले नमुने पुरत नाहीत.