घामाची खबर

भीतीने घाम फुटतो, परीक्षेच्या वर्गाबाहेर तळहात ओले होतात. भरतमुनींनी तर स्वेदाला आठ सात्त्विक भावांत जागा दिली. उन्हाचा नसलेला घाम मनाचा असतो, हे नाटकवाल्यांना यंत्राशिवाय कळत होतं. यंत्राला कळायला १८८८ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी पॅरिसमध्ये, साल्पेत्रिएर रुग्णालयाच्या परंपरेतल्या शार्ल फेरेने हिस्टेरियाच्या रुग्णांच्या हातातून अगदी क्षीण वीज सोडली. मग रंगीत काच डोळ्यांपुढे धरायची, नाही तर वास द्यायचा, की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलायचा. दोन वर्षांनी रशियात तार्खानोव्हने बाहेरची वीज न लावताही असाच बदल टिपला. कारण तसं साधं आहे. तळहातातल्या घामाच्या ग्रंथी सिंपथेटिक मज्जासंस्थेच्या हुकमात असतात. छातीत धस्स झालं की त्यांत खारं पाणी चढतं आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. थेंब डोळ्याला दिसण्याआधीच काट्याला खबर लागते.

झुरिचच्या कार्ल युंगने या काट्यापुढे शब्द ठेवले. शंभर शब्दांची यादी, समोरच्याने प्रत्येकाला सुचेल ते उत्तर द्यायचं, हातांतून वीज वाहतेय, आणि कोणत्या शब्दाला काटा उडतो ते बघायचं. फ्रेडरिक पीटरसनबरोबरचा त्याचा निबंध १९०७चा. इथून घामाला चुगलखोराची नोकरी लागली. लाय डिटेक्टरमध्ये बोटांना लावतात त्या तारा याच घराण्यातल्या.

पण मुलाचा उद्रेक आधीच ओळखू पाहणाऱ्या ज्या मनगटी पट्ट्याचा मला मागोवा घ्यायचाय, त्याला दुसरं आजोळही आहे, आणि त्याबद्दल जरा कमी बोललं जातं.

काही ऑटिस्टिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं बिथरली की भिंतीवर डोकं आपटतात, हाताला चावतात, जवळच्याला मारतात. विशेष शिक्षणाच्या पुस्तकात याला ‘आव्हानात्मक वर्तन’ म्हणतात. हा शब्दप्रयोग १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजला तो मुद्दाम: आव्हान सांभाळणाऱ्यांपुढे आहे, दोष त्या व्यक्तीत नाही, एवढं तरी शब्दातून कळावं म्हणून. त्याच दशकात अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीच्या मदतीने ‘सिबिस’ नावाचं यंत्र तयार झालं. डोक्याला बांधलेला सेन्सर आपटण्याचा धक्का ओळखायचा आणि हाताला किंवा पायाला लावलेला भाग तत्क्षणी विजेचा झटका द्यायचा. अंगावर घालायचं, वर्तन टिपायचं, लगेच काही तरी करायचं: आजच्या वेअरेबलच्या जाहिरातीत बसेल असं सगळं त्यात होतं. १९९०मध्ये पाच जणांवरच्या वापराचा अहवाल छापून आला. स्वतःला मारणं झपाट्याने कमी झालं, असं त्यात आहे. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. चटका बसला की हात मागे येतोच. पण मूल डोकं का आपटत होतं, हे त्या यंत्राने कधी विचारलंच नाही. मॅसॅच्युसेट्सच्या जज रोटेनबर्ग सेंटरने पुढे स्वतःचं, माणसाच्या हातातल्या रिमोटने चालणारं झटक्याचं यंत्र केलं. अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मार्च २०२०मध्ये अशा वापरावर बंदी घातली, पुढल्या वर्षी न्यायालयाने ती उठवली, आणि २०२२च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने कायदाच बदलून एफडीएला पुन्हा अधिकार दिला.

पहिल्या घराण्यातला पट्टा मनगटावर आला तो एमआयटीत. रोझलिंड पिकार्ड यांचं ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हे पुस्तक १९९७चं. तळहाताला तारा चिकटवलेलं मूल खेळणार कसं? म्हणून सेन्सर मनगटावर सरकवले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सुट्टीत दोन पट्टे घरी नेले, न बोलणाऱ्या ऑटिस्टिक धाकट्या भावासाठी. त्याला कशाचा ताण येतो, एवढंच बघायचं होतं. एका मनगटाचा आलेख एकदा असा उसळला की पिकार्डना वाटलं पट्टाच बिघडला. त्या सुमारास मुलाला फीट आली होती. तिथून एक वाट अपस्माराची फीट ओळखणाऱ्या घड्याळाकडे गेली. एफडीएने ते २०१८मध्ये मान्य केलं.

दुसरी वाट नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या मॅथ्यू गुडविन यांनी धरली. एम्पॅटिका कंपनीचा ई-फोर पट्टा: आतल्या मनगटाला टेकणारी दोन धातूची बटणं, नाडीसाठी हिरवा प्रकाश, तापमान, हालचाल. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या वीस ऑटिस्टिक मुलांच्या हाताला तो बांधला आणि शेजारी बसलेला निरीक्षक प्रत्येक उद्रेकाची सुरुवात आणि शेवट नोंदवत गेला. मागच्या तीन मिनिटांचे आकडे बघून पुढचं एक मिनिट सांगायचं, असा तो खेळ. २०२३च्या मोठ्या अभ्यासात चार रुग्णालयांतली ७० मुलं होती, ४९७ तास नोंदले गेले आणि अंदाज तीन मिनिटं आधी आला. अचूकतेचा आकडा ०.८०. म्हणजे उद्रेकाआधीचा एक क्षण आणि शांततेचा एक क्षण शेजारी ठेवले, तर कोणता कोणता हे दहापैकी आठदा बरोबर. ऐकायला छान. पण दिवसातले बहुतेक क्षण शांतच असतात, त्यामुळे खोटी घंटाही बरीच वाजणार. शिवाय मूल पळालं, हसलं, तरी काटा चढतोच. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये हा पट्टा काय म्हणेल, या विचाराने मला थोडं हसू येतं.

तीन मिनिटं कमी नाहीत. गोंगाटाच्या खोलीतून मुलाला बाहेर नेता येतं, दिवा बंद करता येतो, पाणी देता येतं. नाही तर चार धिप्पाड माणसं आधीच बोलावून ठेवता येतात. पट्ट्याला दोन्ही सारखंच.

२०२३च्या त्या अभ्यासाच्या मथळ्यात ‘आक्रमक वर्तन’ आहे. नोंदलेल्या ६,६६५ घटनांपैकी दुसऱ्याच्या अंगावर हात टाकल्याच्या ६१९ होत्या. ३,९८३ वेळा मुलांनी इजा केली ती स्वतःलाच.