राईचे पाणी आणि लाल शाई

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने तो राणी मृगनयनीसाठी बांधला. राई गावचे पाणी महालात आणाल तरच लग्न करीन, अशी तिची अट लोक सांगतात. कथानकाचे बीज तेच! अटीतून अडचण येते आणि अडचणीत माणूस कळतो. वृंदावनलाल वर्मा यांनी १९५० साली ‘मृगनयनी’ या हिंदी कादंबरीत तिला शिकारीत तरबेज अशी खेड्यातली निन्नी केले. लेखनात बुंदेली शब्दही राहू दिले. मी मात्र मुलांच्या गोष्टींतील हिंदीमिश्रित संवाद वर्षानुवर्षे लाल शाईने खोडले. भाषा शुद्ध झाली, पात्रे मुकी झाली. घरात मराठी, अंगणात हिंदी हेच आपले खरे बोलणे. गोष्टीतही ते येऊ द्यावे.