टाकीत ओतलेला इतिहास : शिसे, साबण आणि वर्ध्याची मोटारसायकल

१/ वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून ती लागू झाली आणि आजही कायम आहे. तरीही आर्वी नाक्यावरच्या कोणत्याही पंपावर दहा लिटरची टाकी भरून घेणारा तरुण दोन लिटर अल्कोहोल घेऊन उजळ माथ्याने घरी जातो. ते पिण्यास अयोग्य केलेले असते, हे खरे. पण रसायन तेच, इथेनॉल. पेट्रोलमध्ये आज त्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे.

२/ या वीस टक्क्यांमुळे गॅरेजांच्या फळीवर एक नवी वस्तू रांगेने उभी राहिली आहे : छोटी बाटली. ‘फ्युएल सिस्टिम क्लीनर’, ‘इंजेक्टर क्लीनर’, ‘ऑक्टेन बूस्टर’, ‘इथेनॉल प्रोटेक्टर’. टाकीत ओता आणि निश्चिंत व्हा, असा एकंदर सूर. बाटली घ्यावी की नाही, असे अनेक वाचक विचारतात. हा प्रश्न मेकॅनिकचा वाटतो; पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात माणसे मेलेली आहेत. म्हणून हा थ्रेड.

३/ आधी एक भेद स्पष्ट करू. पेट्रोलमध्ये मिसळायची द्रव्ये ढोबळमानाने दोन कामांसाठी जन्मली. पहिले काम ‘नॉकिंग’ थांबवण्याचे. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीने सुरू झालेल्या ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच भडकले, की इंजिनातून टकटक आवाज येतो, ताकद घटते आणि कालांतराने पिस्टनला इजा होते. दुसरे काम सफाईचे : पेट्रोल जळताना व साठून राहताना जो डिंकासारखा चिकट थर आणि काजळी धरते, ती काढण्याचे. ही दोन कामे लोक नेहमी एकमेकांत मिसळतात, आणि बाटल्या विकणारेही तो गोंधळ दूर करण्याची फारशी घाई करीत नाहीत.

४/ डिसेंबर १९२१. अमेरिकेत डेटन येथील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली हा अभियंता चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली नॉकिंगवर उपाय शोधत होता. आयोडीन, ॲनिलिन, टेल्युरियम अशी द्रव्ये चाचपून झाल्यावर टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, त्याच्या हाती लागले. अत्यल्प मात्रेत टकटक थांबली. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर ते प्रथम विक्रीस आले.

५/ त्याला नाव दिले गेले ‘एथिल’. शिसे हा शब्द नावात कुठेही नव्हता. शिसे विष आहे, हे तेव्हा गुपित नव्हते; रोमन काळापासून ते ज्ञात होते. या संपूर्ण इतिहासातला सर्वांत बोलका दस्तऐवज माझ्या मते हे नावच आहे.

६/ ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले आणि त्यांतील पाच जण मरण पावले. त्या महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांना चोळून व हुंगून दाखवले. शिशाच्या बाधेमुळे तो स्वतः १९२३ च्या आरंभी कामापासून दूर राहिला होता, हे त्याने तिथे सांगितले नाही. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. औद्योगिक रोगांच्या अभ्यासक ॲलिस हॅमिल्टन यांनी ठाम विरोध नोंदवला. विक्री काही काळ थांबली, समिती नेमली गेली आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

७/ आता इथेनॉलकडे वळा. अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते, हे केटरिंग-मिजली यांना ठाऊक होते. मग शिसेच का? काही इतिहासकार म्हणतात, अल्कोहोलवर पेटंट घेता येत नव्हते आणि ते मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे, म्हणजे तितके पेट्रोल कमी खपे. शिशाची मात्रा चिमूटभर आणि पेटंट हाती. वर्ध्याच्या पंपावर आज जे मिसळलेले मिळते, ते शंभर वर्षांपूर्वी शिशापुढे हरलेले द्रव्य आहे.

८/ शिशाने आणखी एक उपद्रव केला. जळल्यावर त्याचे थर प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसत. ते निघून जावेत म्हणून एथिलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घालावे लागले. त्याच्याशी संयोग होऊन शिसे वायुरूपाने धुराड्यातून बाहेर पडे. म्हणजे एका मिश्रणद्रव्याची घाण काढायला दुसरे मिश्रणद्रव्य आले. इंजिन स्वच्छ राहिले. शिसे रस्त्यावर, धुळीत आणि मुलांच्या रक्तात गेले. पुढे पृथ्वीचे वय मोजणारा भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन याला आपल्या प्रयोगशाळेत सर्वत्र शिशाचे प्रदूषण सापडू लागले. त्याने १९६५ मध्ये या विषयावर निबंध प्रसिद्ध केला आणि उद्योगाचा रोष पत्करला.

९/ याच सुमारास वर्ध्यात काय चालले होते? डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे केंद्र झाले. त्याचे सूत्रधार अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये त्यांनी साधनसंपत्तीची विभागणी केली : कोळसा आणि पेट्रोलियम यांसारखी, वापरली की संपणारी, आणि वाहत्या नदीसारखी, पुन्हा पुन्हा भरून येणारी. त्याच मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार झाला. जमिनीवर उगवणारे इंधन हा विचार वर्ध्याला नवा नाही. अर्थात, कुमारप्पांना उसाच्या मळीपासून कारखान्यात काढलेले इथेनॉल आवडले असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. मोठ्या यंत्रोद्योगाबद्दलचा त्यांचा संशय सर्वांना ठाऊक आहे.

१०/ आणि इतिहासाची गंमत पाहा. मगनवाडीची जागा ज्यांनी गांधीजींना दिली ते जमनालाल बजाज हे वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आलेले. बजाज ऑटोचा उगम ज्या कंपनीत आहे तिचे १९४५ मधले नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. कंदील रॉकेलमुक्त करू पाहणारे गाव आणि देशाला स्कूटरवर बसवणारे घराणे, दोन्ही एकाच पत्त्यावर.

११/ १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. ती, तसेच राजदूत आणि येझदी, टू-स्ट्रोक. ज्यांनी ही इंजिने पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी : यांत वंगणाची वेगळी टाकी सहसा नसे. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. पंपावर पेट्रोलसोबत मोजून ऑइल ओतले जाई. ते कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त झाले तर प्लग काळा आणि निळसर धूर. त्यामुळे आपल्याकडची एक पूर्ण पिढी टाकीत काहीतरी मिसळण्याला गाडीची नित्यसेवा समजत मोठी झाली. आजच्या बाटलीवर चटकन विश्वास बसतो त्याचे एक मूळ या सवयीत असावे, असे मला वाटते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे आणि सायलेन्सर जाळून त्यातली काजळी काढणे हे रविवारचे काम होते.

१२/ या मिसळण्याची काळी बाजू म्हणजे भेसळ. रेशनचे निळे रॉकेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या दरातील तफावतीवर मोठा काळाबाजार पोसला गेला. रॉकेलचा ऑक्टेन अत्यंत कमी; म्हणजे नॉकिंग, काजळी, तुंबलेले जेट. ज्या गाड्या ‘साफ’ करायला लोक गॅरेजात नेत त्यांतल्या काहींचा रोग गाडीत नव्हता, पेट्रोलमध्ये होता. याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनभेसळ उघड करू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

१३/ शिसे आपल्याकडून कधी गेले? १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी, शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांचा त्यात मोठा वाटा होता. १९९९ मध्ये जॉर्ज फाउंडेशनच्या पाहणीत, मुंबईसह मोठ्या शहरांतील बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगात शेवटी ते बंद केले अल्जीरियाने, २०२१ मध्ये.

१४/ आता दुसरी शाखा, सफाईची. ही तुलनेने निरुपद्रवी. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन तेलकंपन्यांनी कार्बोरेटर स्वच्छ ठेवणारी अमाइन जातीची द्रव्ये पेट्रोलमध्ये घालायला सुरुवात केली. तत्त्व साबणाचेच : रेणूचे एक टोक मळाला धरते, दुसरे पेट्रोलमध्ये विरघळते. ऐंशीच्या दशकात पॉलिइथरअमाइन आले. इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह यांवरचे थर काढण्यात ते खरोखर प्रभावी आहे. १९९५ पासून अमेरिकेत सर्व पेट्रोलमध्ये असे डिटर्जंट घालणे बंधनकारक झाले. आपल्याकडे २००२ च्या सुमारास भारत पेट्रोलियमचे ‘स्पीड’ आणि इतर कंपन्यांची तशीच पेट्रोले आली, ती याच शाखेची अपत्ये.

१५/ मग इथेनॉल. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे प्रायोगिक मिश्रण झाले. तिसरे केंद्र उत्तर प्रदेशात. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये दहा, आणि फेब्रुवारी २०२३ पासून ई२० ची सुरुवात. इथेनॉलचा ऑक्टेन उत्तम. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या दुचाकींच्या मायलेजमध्ये तीन ते चार टक्के घट अपेक्षिली होती. ‘गाडी पूर्वीइतकी चालत नाही’ म्हणून बाटली घेणाऱ्याने हा आकडा आधी लक्षात घ्यावा. इंधनातच ऊर्जा कमी असेल, तर ती कोणताही साबण भरून काढणार नाही.

१६/ इथेनॉल पाणी शोषते आणि ते स्वतःच द्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर ते सोडवते आणि तो कचरा फिल्टरमध्ये किंवा जेटमध्ये अडकतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. पावसाळ्यात गाडी दीड-दोन महिने उभी राहिली आणि टाकीत पुरेसे पाणी शिरले, तर पाणी-अल्कोहोलचा थर तळाशी वेगळा होतो. एकदा तो वेगळा झाला, की बाटलीतले ‘प्रोटेक्टर’ त्याला परत एकजीव करीत नाही. टाकी रिकामी करावी लागते.

१७/ तर बाटली घ्यावी का? फ्युएल इंजेक्शनच्या दुचाकीत (बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक दुचाकींत ते असते) घटकांत पॉलिइथरअमाइन स्पष्ट लिहिलेली बाटली, सांगितलेल्या मात्रेत, कधीमधी वापरली तर थोडा उपयोग होऊ शकतो. कार्बोरेटरच्या गाडीत हलका थर निघेल. पण पायलट जेट पूर्ण तुंबलेला असेल तर नाही. ज्या छिद्रातून पेट्रोलच जात नाही, तिथे पेट्रोलमधले औषध पोहोचणार कसे? तिथे मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून जेटमध्ये हवा मारणे हाच उपाय. नव्या, व्यवस्थित चालणाऱ्या गाडीला दर महिन्याला बाटली पाजणे म्हणजे पैशांचा धूर.

१८/ ‘ऑक्टेन बूस्टर’बाबत मी अधिक कठोर आहे. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला जादा ऑक्टेनने काहीही मिळत नाही. शिवाय अशा काही द्रव्यांत मँगनीजचे संयुग असते (ते बाजारात आणणारी कंपनी तीच, एथिल), तर काहींत फेरोसीन, ज्याचा तांबूस लोहगंज प्लगवर बसतो. शिशाची जागा दुसऱ्या धातूने घेतली, इतकेच.

१९/ बाटली हातात आली तर पुढची नक्षी सोडून मागची बारीक अक्षरे वाचा. घटक दिलेले नसतील, केवळ ‘विशेष फॉर्म्युला’ असेल, तर १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर उभ्या असलेल्या ग्राहकापेक्षा तुम्हाला फारसे जास्त ठाऊक नाही. त्यालाही फक्त ‘एथिल’ एवढेच सांगितले गेले होते.

२०/ आणि कोणाच्या घरी, देवळी-हिंगणघाटच्या एखाद्या वाड्यात, जुनी चेतक अजून उभी असेल, तर तिच्यासाठी बाटलीच्या आधी तीन कामे : पेट्रोलची रबरी नळी बदला, फिल्टर बदला, आणि पावसाळ्याआधी टाकी व कार्बोरेटर रिकामे करा. ऑइल मात्र मोजूनच घाला. तिला ते लागतेच. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नव्या विजेवरच्या चेतकला यातले काहीच लागत नाही.