धुतलेल्या ब्लॉकमधली घाण

वरंध गाव मागे टाकून भोरकडे चढायला लागलं, की जुन्या इंजिनाची खरी परीक्षा माझेरीच्या पुढे सुरू होते. खालचा गिअर, गाडीला वेग नाही म्हणून वारा नाही, आणि भार पूर्ण. तेल तापून पातळ होतं, बेअरिंग आणि क्रँकमधला तेलाचा थर काही मायक्रॉनवर येतो. अशा चढांवर एकेकाळी जीपा चालायच्या. उदाहरणार्थ महिंद्राची सीजे-३बी, तिचं २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन. हौशी लोक आज अशा जीपा पुन्हा उभ्या करतात. बोअर होतो, क्रँक ग्राइंड होतो, नवी बेअरिंगं बसतात, आणि तरी काही इंजिनं लवकरच ठोकायला लागतात. दोष बेअरिंगच्या कंपनीला जातो. माझ्या मते चौकशी आधी तेलाच्या वाटांची व्हावी.

वाट अशी: इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरमधून पंप तेल ओढतो आणि ब्लॉकमधल्या लांब छिद्रात, म्हणजे मुख्य गॅलरीत, ढकलतो. तिथून फाटे मेन बेअरिंगना आणि कॅमशाफ्टला जातात. मेन बेअरिंगमधून क्रँकच्या तिरक्या छिद्रांतून तेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. एक बारीक फाटा वर रॉकर शाफ्टला, एक टायमिंग गिअरवर तेल उडवणाऱ्या सुईएवढ्या जेटला. जेवढी शाखा लांब आणि अरुंद, तेवढी ती आधी तुंबते.

तुंबलेली शाखा मीटरवर दिसत नाही. मीटर गॅलरीतला दाब दाखवतो. रॉकरकडचा फाटा बंद झाला तर तिकडची गळती थांबते आणि दाब उलट किंचित वाढतो. दाब चांगला आहे म्हणून तेल सगळीकडे पोचतंय, हा निष्कर्ष म्हणून धोक्याचा. संथ वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. ६ मिलिमीटरच्या छिद्रात चहूबाजूंनी ०.६ मिलिमीटर काजळी बसली, तर व्यास ४.८ होतो आणि त्याच दाबफरकाला प्रवाह सुमारे ४१ टक्के उरतो. डोळ्याला मात्र छिद्र उघडंच दिसतं.

आता घाणीकडे. गॅरेजमध्ये सगळ्या घाणीवर एकच उपाय चालतो: रॉकेल किंवा डिझेल ओतायचं आणि हवा मारायची. जुन्या तेलाची चिकट काजळी याने बऱ्यापैकी सुटते, हे खरं. बोअर घासणाऱ्या होनिंगच्या दगडाची कणी मात्र सुटत नाही. रॉकेल तिच्याभोवतीचं तेल नेतं आणि कणी लोखंडाच्या रंध्रांत तशीच ठेवतं. तिला गरम पाणी, साबणाची पावडर आणि ताठ ब्रश लागतो. तिसरी घाण या भागाला चांगलीच माहीत आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा इंजिनात शिरला तो चिकणमातीचा बारीक गाळ. तो पाण्यात विरघळल्यासारखा निघतो, रॉकेलमध्ये नाही. वाळला तर छिद्राच्या टोकाशी विटेसारखा बसतो. त्यामुळे बुडालेलं इंजिन ओलं असतानाच उघडून आधी पाण्याने धुवावं, मग रॉकेलने. साबणाची धुलाई सगळं यंत्रकाम संपल्यावर, शेवटी. हा क्रम उलटला की पहिली मेहनत वाया जाते, कारण लेथवाल्याकडून परत आलेला ब्लॉक हा माझ्या दृष्टीने सगळ्यात घाणेरडा ब्लॉक असतो. तो चकचकीत दिसतो म्हणून कुणी पुन्हा धूत नाही.

ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून धुण्याबद्दल एवढंच, की लोखंडी ब्लॉकला तो चालतो. प्रीमियर पद्मिनीचं ॲल्युमिनियमचं हेड त्यात बुडवलं तर हेडच विरघळायला लागतं.

कोणताही द्रव घेतला तरी तो बंद टोकापर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण आहे. कारखान्यात छिद्र आरपार पाडतात आणि टोकं प्लग ठोकून बंद करतात. प्लग आणि शेवटचा फाटा यांच्यामधल्या जागेत प्रवाहच नसतो, म्हणून घाण तिथे साचते. प्लग काढल्याशिवाय सफाई झाली असं म्हणूच नये. ठोकलेला प्लग ड्रिलने काढून आटे पाडता येतात, पण नवा स्क्रू फार खोल गेला तर तोच शेजारचा फाटा अडवतो. शिवाय आटे पाडताना लोखंडाचा कीस पडतो, तेव्हा हे काम शेवटच्या धुलाईआधीच उरकायला हवं. ब्रश नायलॉनचा घ्यावा. क्लच केबलीचं टोक उसवून ड्रिलला लावण्याची युक्ती चालते, पण तिची तुटलेली तार आत राहिली तर काजळी परवडली.

क्रँकची गोष्ट वेगळी. हरिकेनचा स्ट्रोक सुमारे १११ मिलिमीटर, म्हणजे क्रँकपिन मध्यापासून साडेपंचावन्न मिलिमीटरवर. मिनिटाला २५०० फेऱ्यांना तिथला प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३९० पट होतो. तेलातला प्रत्येक जड कण बाहेरच्या बाजूला फेकला जातो. ज्या क्रँकमध्ये तिरकं छिद्र पिनच्या पुढे जाऊन प्लगने बंद केलेलं असतं, तिथे वर्षानुवर्षांचा गाळ घट्ट दाबून बसतो. ग्राइंडिंगच्या धक्क्यांनी तो सैल होतो आणि इंजिन चालू झाल्यावर थेट नव्या बेअरिंगवर येतो. बेअरिंगचा मऊ पांढरा धातू बारीक कण पोटात घेतो. मोठा कण अर्धा रुततो, अर्धा बाहेर राहतो आणि कानशीसारखा क्रँक कापतो.

धुतल्यावर लोखंड कोकणच्या पावसाळी हवेत बघता बघता गंजतं, म्हणून हवा मारून लगेच तेल चोळावं. तपासायला एका टोकाला बॅटरी धरावी, आणि सूत न सुटणारं पांढरं कापड आरपार ओढून करडी छटा येते का ते बघावं. येत असेल तर पुन्हा साबण. जोडणी झाल्यावर प्रेशर स्विचच्या छिद्रातून दाबाने तेल भरून प्रत्येक बेअरिंगशी आणि रॉकरशी ते पाझरतंय याची खात्री करावी, मगच स्टार्टर.

जीपच्या या इंजिनात फिल्टरमधून तेलाचा थोडाच भाग जातो, बाकीचं न गाळता थेट बेअरिंगकडे. म्हणून पहिलं तेल थोड्याशा चालवण्यानंतर गरम असतानाच काढावं, फिल्टर बदलावा आणि चेंबरच्या तळाला बसलेला गाळ बोटांत चोळून बघावा. मऊ लागला तर काजळी. खरखरला तर गाडी घाटात नेण्याआधी चेंबर उतरवून एक बेअरिंग उघडावं.